पाणी पिणारं कापड

आमच्या चारही गाड्यांमध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यात एक यादी चिकटवलेली असते. ती मी केली आहे आणि दर दिवाळीला नवी करते. जॅक, टॉमी, दोरी, ताडपत्री, टॉर्च, पाण्याचा कॅन आणि सातव्या ओळीत ‘सुती कापड, पांढरं, धुतलेलं, दोन हात’. नवा ड्रायव्हर कामावर आला की या सातव्या ओळीवर अडतो. परवाच्या मुलाने तर हसूनच विचारलं, “मॅडम, सुरतेत पुसायला चिंध्या काय कमी आहेत? आणि त्या पांढऱ्या कशाला पाहिजेत?”

मी म्हटलं, “पुसायला नाही. पाजायला.”

तो पुन्हा यादी वाचायला लागला. मला कामं होती, म्हणून मी पुढे काही सांगितलं नाही. पण दिवसभर आबा डोळ्यांसमोर होते.

नव्वदच्या दशकात सुरतेच्या लिंबायत भागात खाडीच्या कडेला आबांची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण ते एकच काम करत: गाडीचा सायलेन्सर काढणं आणि बसवणं. इंजिनाला ते बोट लावत नसत. कोणी म्हणालंच, “आबा, आलाच आहात गाडीखाली तर जरा ऑइलही बघा,” तर म्हणत, “पोटाचा डॉक्टर वेगळा. मी नाकाचा.”

सकाळी सहाला शेड उघडायची आणि दुपारी एकला बंद व्हायची. एकनंतर लोखंडाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. ऊन चढलं की लोखंड फुगतं आणि फुगलेलं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. यात शास्त्र किती आणि दुपारची झोप किती, याचा हिशोब मला कधी लागला नाही.

मेकॅनिक म्हटल्यावर जे चित्र उभं राहतं त्यात आबा बसत नसत, याचं कारण त्यांचं धोतर. पांढरंशुभ्र, सुती, गावाहून मागवलेलं. आमच्या वस्तीत तेव्हा सगळ्यांच्या अंगावर सुरतेचंच कापड असायचं: चकचकीत, न चुरगळणारं, पिळलं की अर्ध्या तासात वाळणारं. लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, राबणाऱ्या माणसाला घामाने भिजून ते अंगाला चिकटलं तरी चालायचं, कारण ते मालकाकडून सवलतीत मिळायचं. आबांनी मात्र तो धागा कधी अंगाला लावला नाही. सकाळी शेडमध्ये आले की धोतर सोडून नीट घडी घालत, खिळ्याला टांगत आणि खाकी हाफपँट चढवून गाडीखाली शिरत. एक वाजला की हातपाय साबणाने धुवायचे, धोतर नेसायचं आणि घरी जायचं. त्या धोतरावर तेलाचा एक ठिपका कोणी पाहिला नव्हता. खिळ्याजवळ कोणी उभं राहिलं तरी ते गाडीखालून ओरडत, “लांब! लांब!”

आबा जळगावकडचे, माझ्या माहेराजवळच्या गावातले. सुरतेत तीस वर्षं काढूनही अहिराणीशिवाय बोलत नसत. गिऱ्हाईक गुजराती असो, राजस्थानी असो, त्यांची अहिराणी त्याने समजून घ्यायची. आणि सगळ्यांना ‘तू’. मिलमालकालाही ‘तू’.

गाडीशी मात्र ते शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत, तेही अहो-जाहो करून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडीच्या पलीकडे कोणी पाहुणा बसलाय, असंच मला वाटलं.

“जरा वर येता का? हं, बस बस. त्रास होतोय का इथे? नाही ना? मग हे एवढं सैल करू द्या.”

मी विचारलं, “आबा, गाडीशी असं का बोलता?”

ते म्हणाले, “गाडी कंपनीनी शे. पुना-मुंबईकडनी. तिले अहिरानी कशी समजी?”

त्यांची दुसरी रीत गिऱ्हाइकांना जास्त सोसावी लागे. गाडी आली की आबा आधी सायलेन्सरला लांबून हात दाखवून गरमी बघत आणि मग मालकाकडे बघत. “गाडी तपेल शे, तू बी तपेल शे. दोन्ही थंडा व्हा, मंग हात लावसू.” असं म्हणून त्याला उलट्या डब्यावर बसवून चहा देत. चहा बशीतूनच प्यायचा. कपाने प्यायलं तर माणूस लवकर उठतो, म्हणून कप द्यायचेच नाहीत.

एकदा एक मिलमालक हॉर्न वाजवत आला. आबांनी त्यालाही डब्यावर बसवलं. पाच मिनिटांनी त्याच्या मनगटाला हात लावून म्हणाले, “आखो पंधरा मिनिट.”

“अरे काका, मने मोडुं थाय छे!” उशीर होतोय म्हणून तो ओरडला.

आबांनी पुन्हा मनगट धरलं. “आते वीस.”

तो शेवटी हसला आणि पूर्ण वीस मिनिटं बसला. नंतर त्याच्या सगळ्या गाड्या आबांकडेच येत.

माझं आणि आबांचं पटणं कठीण होतं. मला यादीशिवाय दिवस काढता येत नाही. लग्नाआधीपासून माझ्या पिशवीत एक वही असते. काय करायचं, कधी करायचं आणि झालं की बरोबरची खूण. आबांच्या शेडमध्ये कागदाचा तुकडा नव्हता. प्रत्येक गाडीचे काढलेले जुने नट ते तारेत ओवून भिंतीवर टांगत आणि तारेकडे बघून कोणत्या गाडीचं काय झालं होतं ते सांगत. मला ते ‘वहीवाली’ म्हणत. “काय लिखस एवढं? लिखं का डोकामातून जास.”

मी म्हणे, “आणि तुमची तार तुटली तर?”

“वेची लिसू,” ते म्हणत. वेचून घेऊ.

आता ती सातवी ओळ कुठून आली ते.

माझ्या नवऱ्याने लूमच्या खात्यातली नोकरी सोडून एक जुनी पिकअप घेतली, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडे एकच काम होतं. लिंबायतच्या खात्यांमधून कोऱ्या कापडाचे तागे भरायचे आणि पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगायला पोचवायचे. रोज दोन खेपा. त्यावर घर चालायचं, आणि ते काम गेलं असतं तर नवऱ्याला पुन्हा रात्रपाळीला लूमवर उभं राहावं लागलं असतं. त्याचे कान आधीच त्या खडखडाटाने अर्धे गेले होते.

गाडीचा सायलेन्सर कंपनीने बसवला तेव्हापासूनचा होता. तो फुटला. आवाज तर व्हायचाच, पण ठिणग्याही पडायला लागल्या. कापडाच्या ढिगात ठिणगी कोण चालवून घेईल? गुरुवारी मिलच्या मॅनेजरने फाटकावरच थांबवलं. “सोमवारे सवारे नवुं सायलेन्सर लगाडीने आवजो. नहीं तो हुं बीजी गाडी बोलावी लईश.”

सोमवारी सकाळी नवा सायलेन्सर, नाहीतर दुसरी गाडी; त्याचं चुकत नव्हतं. मी वहीत लिहिलं: नवा सायलेन्सर आणणे. तो त्याच संध्याकाळी आणला. त्याखाली: जुना काढणे. इथे सगळं अडलं.

सायलेन्सरचा पाइप इंजिनाला तीन नटांनी जोडलेला असतो. डाइंग मिलच्या आवारात दिवसभर आम्लाची वाफ असते आणि आमची गाडी तिथेच तासन् तास उभी राहायची. त्या वाफेने तिन्ही नट गंजून एकजीव झाले होते. दोन गॅरेजवाल्यांनी बघितलं आणि दोघांनीही सांगितलं, गॅसने कापावं लागेल. पण त्यातला एक प्रामाणिकपणे म्हणाला, “कापताना नटाचा बोल्ट आतच तुटला, तर इंजिनाचा तो अख्खा भाग बदलायचा. आठवडा धरा.”

आठवडा आमच्याकडे नव्हता. शुक्रवारी अकराच्या सुमारास आम्ही आबांच्या दारात उभे होतो.

त्यांनी आम्हाला डब्यांवर बसवलं, बशीतून चहा पाजला आणि मग गाडीखाली शिरले. बराच वेळ आतून हळू आवाजात बोलणं ऐकू येत होतं. “बरीच वर्षं झाली नाही का तुम्हाला इथे? कोणी विचारपूस केली नाही. चूक आमची आहे.” बाहेर येऊन म्हणाले, “अटकेल नही शे. रुसेल शे. जवाईसारखा.”

माझा नवरा म्हणाला, “आबा, जावई मी इथे आहे. मी कुठे रुसलोय?”

“तू नही. तुले रुसाले टाइम कोठे शे?” मग माझ्याकडे वळले. “वहीवाली, लिख.”

आबांनी मला लिहायला सांगण्याची ती एकमेव वेळ. उपाय असा होता: चिंच आणि मीठ दाट कोळून घ्यायचं. तिन्ही नटांना चिंध्यांच्या पट्ट्या बांधायच्या, जखमेला बांधतात तशा. रात्री आठपर्यंत दर दोन तासांनी आणि पहाटे एकदा ते आंबट पट्टीवर ओतायचं. आंबट गंज खातं. एक दिवस, एक रात्र. उद्या सकाळी धुऊन तेल द्यायचं, मग पाना लावायचा. गॅस नाही. “तीन बोटवर डिझेलना पाइप शे. आग कसाले?”

तोवर एक वाजत आला होता. आबा धोतर नेसून घरी गेले. गाडी शेडसमोरच ठेवली. आमची खोली दोन गल्ल्या सोडून होती.

अशा कामात मला कोणी हरवू शकत नाही. शेजारच्या लूमच्या खात्यातून मी चिंध्यांची पिशवी भरून आणली, गुलाबी, मोरपंखी, सोनेरी. नवऱ्याने गाडीखाली झोपून माझ्या सांगण्यावरून पट्ट्या बांधल्या. दोन, चार, सहा, आठ वाजता आंबट ओतलं, पहाटे पाचला पुन्हा ओतलं. वहीत पाच वेळा आणि पाच बरोबरच्या खुणा. खाली जमीन नळाच्या पाण्याने आधीपासूनच ओली असायची, त्यामुळे तिकडे कोणी बघितलं नाही.

शनिवारी सहाला आबा आले. धोतर टांगलं, आत शिरले आणि लगेच बाहेर आले. त्यांच्या हातात मोरपंखी पट्टी होती, वाळून कडक झालेली.

“कवय पाजं?”

मी वही उघडून दाखवली. वेळ, खूण, सगळं.

त्यांनी पट्टी जमिनीवर पसरली आणि चहाच्या बशीतून बोट भिजवून वर एक थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. आबांनी पट्टीचं टोक उचललं, तसा तो गडगडत खाली गेला.

“हाई पानी पेस नही,” आबा म्हणाले. “तुनी वहीमा पानी शे, नटमा नही.”

मला आजही ते वाक्य तसंच ऐकू येतं. मी सुरतेत राहत होते. रोज शेकडो मीटर कापड माझ्या डोळ्यांदेखत गाडीत चढायचं. मी स्वतः तेच अंगावर घालायची आणि पावसात त्याच्यावरून पाणी ओघळताना बघायची. तरी चिंधी म्हणजे चिंधी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अख्खा एक दिवस जमिनीला चिंच पाजून झाली होती.

मी सुती कापड शोधायला धावले. आमच्या गल्लीत सगळ्यांची दारं वाजवली. एकीने जुना परकर दिला, एकीने उशीचा अभ्रा, शिंप्याने दोन तुकडे. आबा दाराशी बसून प्रत्येकावर थेंब सोडत आणि तो घरंगळला की परत करत. “नही पेस. हाई बी नही पेस.” अभ्र्याची मालकीण रागावली, “कॉटन म्हणूनच दिला होता हो दुकानदाराने!” आबा म्हणाले, “त्याले सांग, थेंबले इचार.” जमलेले लोक हसायला लागले. मला हसू येत नव्हतं.

माझ्या घरी आईच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी होती, पण ती मागच्याच महिन्यात बाळंतिणीला म्हणून नणंदेकडे धुळ्याला गेली होती. वहीत तशी नोंदही होती.

नवरा हळूच म्हणाला, “जाऊ दे. उधन्याला गॅसवाला आहे, दहा मिनिटांचं काम म्हणतो. निघालं तर निघालं.”

“आणि तुटलं तर?”

“तुटलं तर लूम आहेच,” तो म्हणाला. तो चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो साधं बोलला.

मी वही उघडली. एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला आबा. गॅसखाली दोन गोष्टी लिहिल्या. आबांखाली लिहायला पेन टेकवलं आणि काय लिहावं ते सुचेना. वेळ कमी, कापड नाही, खात्री नाही.

“जाय,” आबा म्हणाले. “मी नही आडावस. फक्त टाकी खाली करी जाय.”

माझं पेन तिथेच टेकलेलं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग उठले, खिळ्याकडे गेले आणि धोतर खाली काढलं. मला वाटलं, चिडून घरी निघाले. त्यांनी काठाशी दात लावला आणि टर्रकन आवाज आला.

तो आवाज गल्लीभर गेला असावा, कारण पलीकडच्या दारांतूनही बायका डोकावल्या. आबांनी तीन लांब पट्ट्या फाडल्या, चिंचेच्या पाण्यात बुडवल्या, पिळल्या आणि गाडीखाली शिरले. “हं, हे बघा,” आतून शुद्ध मराठी ऐकू आली, “आता जरा बरं वाटेल. कालचं मनावर घेऊ नका. पोरगी चांगली आहे, फक्त घाई फार करते.”

मी वहीतलं ते पान फाडून टाकलं.

त्या शनिवारी आबा एक वाजता घरी गेले नाहीत. दुपारभर डब्यावर बसून होते आणि दर थोड्या वेळाने आत शिरून चमच्याने आंबट पाजत होते. मला जवळ येऊ देत नव्हते. नियम मोडल्याचं विचारलं तर म्हणाले, “हात कोठे लावी ऱ्हायनू? पाजी ऱ्हायनू.” संध्याकाळी फाटकं धोतर काखेत घेऊन ते हाफपँटवर घरी निघाले. लूमची पाळी सुटली होती. चहाच्या टपरीवरून एक जण ओरडला, “काय आबा, धोतर मिलमध्ये रंगवायला दिलं का?”

“नटले नेसाडं!” आबा न थांबता म्हणाले. आख्खी टपरी हसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मीही हसले.

रविवारी सहाला आबांनी पट्ट्या सोडल्या. त्या आता पांढऱ्या नव्हत्या, विटेसारख्या लाल झाल्या होत्या. त्यांनी नट पाण्याने धुतले, पुसले, तेल दिलं. मग हातोडीने एकेका नटाला अगदी हलके ठोके द्यायला लागले आणि कान लावून ऐकायला लागले. पहिले दोन नट अर्ध्या तासात निघाले. तिसऱ्याचा आवाज बराच वेळ ‘ठक, ठक’ असा मुका येत होता. आबा ठोकत होते, तेल देत होते, बोलत होते. माझा नवरा गाडीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवा बसून होता आणि मी वही छातीशी धरून उभी होते. मग एका ठोक्याला ‘टण्’ असं झालं.

आबांनी पाना लावला. माझ्या नवऱ्याने खाली वाकून बघितलं आणि ओरडला, “आबा, उलटं फिरवताय! घट्ट होतोय तो!”

“पहिले त्याना मनसारखं करो,” आबा म्हणाले. “मंग आपला मनसारखं.”

त्यांनी नट केसभर आवळला, थांबले आणि मग उलट फिरवला. कुरकुर झाली, जुनं दार उघडावं तशी, आणि नट फिरला. दुसरा फेरा त्यांनी बोटांनी काढला. बोल्ट शाबूत होता. नवऱ्याने मागच्या रबरी पट्ट्या सोडवल्या, दोघांनी मिळून ओढलं आणि कंपनीने बसवलेला तो सायलेन्सर गंजाचा भुगा सांडत बाहेर आला. आबांनी तो जमिनीवर आपटू दिला नाही. गोणपाटावर अलगद ठेवला आणि म्हणाले, “या. बसा. फार काम केलंत.”

सोमवारी सकाळी मॅनेजरने फाटकावर गाडीमागे हात धरून धूर बघितला आणि मान हलवली. माझा नवरा आत गेला. परत कधी लूमवर गेला नाही.

मंगळवारी माझ्या वहीत पहिली ओळ होती: आबांना धोतर. ते काम मला एका सकाळचं वाटलं, प्रत्यक्षात आठवडा लागला. कापडाच्या बाजारातले दुकानदार माझ्यापुढे जरीचा काठ असलेली धोतरं टाकत. “बेन, आ लई जाओ, इस्त्रीनी जरूरज नथी.” मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून थेंब टाकला की ते चिडत. एकाने तर दुकानाबाहेर काढलं. शेवटी गावाहून येणाऱ्या एका नातेवाइकाकडून मागवलं.

आबांनी मला डब्यावर बसवलं, चहा दिला आणि धोतर उलगडलं. कोरं, पांढरं, कडक. त्यांनी बशी जवळ ओढली, बोट बुडवलं आणि त्या पांढऱ्या धोतराच्या कोपऱ्यावर चहाचा एक थेंब सोडला.

ज्यांनी वीस-तीस वर्षं एक डाग पडू दिला नाही, त्यांनी.

थेंब उभा राहिला. गोल, मोत्यासारखा. आठवडाभराची माझी धावपळ त्या थेंबावर उभी होती आणि तो हलत नव्हता.

“खळ शे,” आबा म्हणाले. “नवं शे ना. घाई नको करू.”

आम्ही दोघंही वाकून बघत बसलो. मग थेंब कडेने थोडा बसला, पसरला, आणि कापडाने तो हळूहळू पिऊन टाकला.

“पेस,” आबा म्हणाले. त्यांनी धोतर घडी करून खिळ्याला टांगलं, तो तपकिरी कोपरा बाहेर दिसेल असं.